परक्या देशातील बिऱ्हाडाचा पत्ता

पुण्यामुंबईकडे एखादे कुटुंब बिऱ्हाड बदलते, तेव्हा नवा पत्ता प्रथम कोणास कळतो? दूधवाल्यास, मग वर्तमानपत्र टाकणाऱ्यास आणि त्यानंतर आप्तेष्टांस. बँक, गॅसची एजन्सी व रेशनकार्ड यांची पाळी सवडीने येते. या कामी कोणी सहा महिने लावले, तर फार तर एखादे पत्र गहाळ होते. त्यापायी कोणास चौकीवर जावे लागत नाही. परंतु त्याच घरातील चिरंजीव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहत असले आणि त्यांनी एका रस्त्यावरून शेजारच्या रस्त्यावर बिऱ्हाड हलविले, तर दहा दिवसांच्या आत ती गोष्ट तेथील सरकारला कळविणे त्यांस भाग आहे. न कळविणे हा त्या देशात गुन्हा आहे. हा नियम आहे तरी कसा, तो आला कोठून, आणि इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीला एवढे महत्त्व का, हे ज्या घरातील माणसे परदेशी राहतात त्यांनी तरी समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रीन कार्ड हाती आले म्हणजे माणूस त्या देशाचा झाला, असे येथील वडीलधाऱ्यांना वाटते आणि पुष्कळदा त्या माणसालाही वाटते. कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. ग्रीन कार्ड हा कायम वास्तव्याचा परवाना होय. ते नागरिकत्व नव्हे. तीस वर्षे तेथे राहिलेला, घरदार केलेला, वेळेवर कर भरणारा गृहस्थ नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत कायद्याच्या भाषेत परकीयच असतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची स्थिती याहून नाजूक. तेथील कायद्याप्रमाणे नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारणतः शेकडा ७ हून अधिक येत नाहीत. त्यामुळे हिंदी उमेदवारांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही, आणि एवढ्या काळात एकेका कुटुंबाची चार-पाच बिऱ्हाडे सहज होतात.

या नियमाचा जन्म युद्धाच्या छायेत झाला. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्सचा पाडाव झाला आणि घरातच शत्रूचे हस्तक असतील काय, या शंकेने अमेरिकेला ग्रासले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस परकीयांच्या नोंदणीचा कायदा मंजूर झाला. चौदा वर्षांवरील प्रत्येक परकीयाने आपले नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत आणि राहते घर बदलल्यास पाच दिवसांत कळवावे, असे त्यात फर्माविले होते. नोंदणी पोलीसचौकीवर न ठेवता टपालकचेऱ्यांतून ठेवली, हा त्यातल्या त्यात समजूतदारपणा. २७ ऑगस्ट ते २६ डिसेंबर १९४० या चार महिन्यांत लाखो माणसे टपालकचेरीच्या खिडकीशी उभी राहिली आणि सुमारे ५० लाख नोंदी झाल्या.

त्या रांगांत हिंदी माणसेही होती. पंजाबातून जाऊन कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या या मंडळींपैकी कित्येकांचे वास्तव्य वीस-पंचवीस वर्षांचे झाले होते. परंतु १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही असा निकाल दिला होता. इतरांच्या दृष्टीने परकेपणा ही काही वर्षांची पायरी होती; यांच्या बाबतीत ती आयुष्यभराची जात ठरली. नागरिकत्वाचे दार त्यांना उघडले ते २ जुलै १९४६ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली तेव्हा. तोवर घर बदलले की कळवा, हीच त्यांच्या आणि सरकारच्या संबंधाची रीत होती.

युद्ध संपले, पण नियम राहिला. १९५२ च्या मोठ्या इमिग्रेशन कायद्याने तो आपल्या पोटात घेतला. पत्ता बदलो वा न बदलो, दर वर्षी जानेवारीत प्रत्येक परकीयाने आपला पत्ता सरकारला लिहून द्यावा, असा शिरस्ता त्यानंतर कैक वर्षे चालला. १९८१ च्या दुरुस्तीने ही वार्षिक वर्दी बंद झाली आणि घर बदलल्यावर दहा दिवसांत कळविण्याचे बंधन तेवढे उरले. पुढे त्याचाही लोकांना विसर पडला. सरकार विचारीत नाही, तेव्हा कळविण्याचे कारण नाही, असा सोयीस्कर समज पसरला. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तो भंगला. जुलै २००२ मध्ये न्यायखात्याने हा नियम यापुढे कसोशीने पाळावयास लावू, असे जाहीर केले, आणि वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या माणसांच्या अर्जांचा असा लोंढा लोटला की तो आवरताना कचेरीची तारांबळ उडाली. कायदा पुष्कळदा निजलेला असतो. तो निजला म्हणजे मेला असे समजणारा फसतो.

आज या कामाची रीत अवघड नाही. ए.आर. ११ या नावाचा अर्ज असतो. तो संगणकावरून भरता येतो आणि त्यास फी पडत नाही. परराष्ट्रांचे वकील, आंतरराष्ट्रीय संस्थांचे अधिकारी आणि व्हिसावाचून अल्पकाळ आलेले पाहुणे एवढे वगळले, तर बाकी सर्व परकीयांना तो लागू आहे. कुटुंबातील प्रत्येकाचा पत्ता स्वतंत्र कळवावा लागतो. नवऱ्याने कळविले म्हणजे बायकोचे कळले असे होत नाही. विद्यार्थ्याने दहा दिवसांतच आपल्या विद्यापीठातील नेमलेल्या अधिकाऱ्यास सांगावयाचे असते. घरात मूल चौदा वर्षांचे झाले, तर तीस दिवसांत त्याची नव्याने नोंदणी करून ठसे द्यावे लागतात, हेही आईबापांच्या ध्यानी असावे. आणि नागरिक झालेल्या माणसाची तरी पूर्ण सुटका कोठे आहे? त्याने आईवडिलांना किंवा भावाला बोलावून घेताना त्यांच्या निर्वाहाची हमी लिहून दिली असेल, तर ती हमी चालू असेतो आपला पत्ता बदलल्याचे त्याने तीस दिवसांत कळविले पाहिजे.

येथे एक ठोकर पुष्कळांना लागते. नवा पत्ता टपालखात्यास दिला, म्हणजे तो सरकारला मिळाला, असे त्यांस वाटते. टपालखाते आणि इमिग्रेशन खाते ही दोन निराळी घरे आहेत. इमिग्रेशनच्या न्यायालयात काही काम चालू असेल, तर ते तिसरे घर. तेथे वेगळ्या अर्जाने पाच कामकाजाच्या दिवसांत वर्दी द्यावी लागते. एकीकडे सांगितलेले दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही.

आता शिक्षेविषयी. कलमाच्या मूळ शब्दांप्रमाणे दंड २०० डॉलरपर्यंत किंवा कैद तीस दिवसांपर्यंत. त्याखेरीज हद्दपारीचीही तरतूद आहे. मात्र चूक जाणूनबुजून केली नव्हती, अथवा तिला सबळ कारण होते, असे दाखविता आल्यास तीतून सुटका होते. पण खरे नुकसान या कलमात नाही. ते न पोहोचलेल्या पत्रात आहे.

समजा, नाशिककडील एक दांपत्य ग्रीन कार्डाचा अर्ज करून वाट पाहत आहे. दरम्यान त्यांनी घर बदलले. मुलाखतीचे बोलावणे जुन्या दारी गेले, तेथल्या नव्या भाडेकरूने ते बाजूला टाकले. ठरल्या दिवशी कोणी हजर झाले नाही आणि पत्ता बदलल्याची वर्दीही कचेरीत नव्हती. अशा वेळी नियमाप्रमाणे अर्ज सोडून दिला असे धरून तो फेटाळला जातो. अनेक वर्षांची वाट एका लिफाफ्यापायी वाया जाते. प्रकरण न्यायालयात असेल, तर प्रसंग याहून बिकट. मनुष्य गैरहजर राहिल्यास त्याच्या पाठीमागेच हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. नोटीस मिळालीच नव्हती, असे सिद्ध करून तो फिरवून घेता येतो, पण सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. आणि पत्ता कळविण्याची ताकीद मिळूनही ज्याने तो कळविला नाही, त्याला तो मार्गही बंद होतो. म्हणून जाणती माणसे अर्ज पाठवून थांबत नाहीत. त्याची पोच जपून ठेवतात.

या नियमात जाच आहे हे खरे. जो नियम लक्षावधी लोक नकळत मोडतात, तो ज्याच्यावर रोष असेल त्याच्याविरुद्धच वापरण्याचा मोह सत्तेला होतो. तथापि पत्ता हा दुधारी आहे. ज्या पत्त्यावरून सरकार माणसाला शोधू शकते, त्याच पत्त्यावर त्याला आपली बाजू मांडण्याचे बोलावणे येते. तो न देणारा सरकारच्या नजरेतून सुटत नाही. केवळ स्वतःचे म्हणणे ऐकविण्याची संधी गमावतो.

आणि हा प्रकार एकट्या अमेरिकेचा नव्हे. हिंदुस्थानातही परकीयांच्या नोंदणीचा कायदा १९३९ सालीच झाला होता. त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. अमेरिकन नागरिकत्व घेतलेले एखादे मराठी गृहस्थ उतारवयात ओ.सी.आय. कार्डावर पुण्यास परत येतात, जुन्या पेठेत जागा घेतात आणि आपण स्वगृही आलो असे मानतात. मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे त्यांना नोंदणी माफ आहे. परंतु येथे राहत असता कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास त्यांनी परकीय नोंदणी कचेरीस कळवावयाचे आहे. ज्या शहरात ते जन्मले, तेथील सरकारी दप्तरात ते आता परकीय आहेत. माणसाचे मन एका गावी आणि दप्तर दुसऱ्या गावी असू शकते. मनाला वर्दी लागत नाही, दप्तराला लागते. आणि सामान हलविण्याच्या गडबडीतही ती द्यावयास जेमतेम पाच मिनिटे पुरतात.