‘रशियन विश्वा’च्या सीमा

‘रूस्की मीर’, म्हणजे रशियन भाषा, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म आणि सामायिक इतिहास यांनी बांधलेले, देशांच्या सीमा न मानणारे ‘रशियन विश्व’, ही आजच्या रशियन सत्तेची एक मध्यवर्ती कल्पना आहे. १९२२ मध्ये बोल्शेव्हिकांनी हद्दपार केलेले रशियन राष्ट्रवादी तत्त्वज्ञ इव्हान इलिन यांचे अवशेष २००५ मध्ये स्वित्झर्लंडहून आणून मॉस्कोच्या दोन्स्कॉय मठात सन्मानाने पुरण्यात आले, यावरून वाऱ्याची दिशा कळावी. भाषेचा प्रसार करण्यात गैर काहीच नाही. पण २०२१ च्या एका लेखात राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी रशियन व युक्रेनियन हे एकच लोक असल्याचे मांडले आणि सांस्कृतिक आपलेपणाचे रूपांतर शेजाऱ्याच्या भूमीवरील हक्कात झाले. फळ उलटेच मिळाले: युक्रेनवरील रशियन आक्रमणानंतर, मे २०२२ मध्ये, मॉस्कोशी जोडलेल्या युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्चनेच आपले स्वातंत्र्य जाहीर केले.