राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरतो कसा

दर्यापूर, अकोट किंवा बाळापूरचा मतदार आमदार निवडतो तेव्हा त्याच्या डोक्यात खारपाणपट्ट्यातलं पाणी असतं, कापसाचा भाव असतो, गावचा रस्ता असतो. त्याच मताने आपण राष्ट्रपतीच्या निवडणुकीतला एक मतदारही निवडतोय, हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. पण राज्यघटनेच्या ५४व्या कलमाने तसं ठरवून ठेवलं आहे. राष्ट्रपती निवडतात ते विधानसभांचे आणि संसदेचे निवडून आलेले सदस्य. विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नाही. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेल्या बारा सदस्यांनाही नाही.

आमदाराच्या मताचं वजन राज्याच्या लोकसंख्येवरून काढतात, आणि ही लोकसंख्या आजही १९७१ च्या जनगणनेची धरतात. त्या वर्षी महाराष्ट्रात ५,०४,१२,२३५ माणसं होती. या आकड्याला आधी २८८ आमदारांनी भागायचं, मग हजाराने. उत्तर येतं १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं अवघं ७ चं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या ७७६ खासदारांनी भागलं की खासदाराच्या मताचं मूल्य मिळतं. कितीतरी निवडणुका ते ७०८ होतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, म्हणून ७०० झालं. अमरावती जिल्ह्यात आठ आमदार आणि अकोला जिल्ह्यात पाच. तेरा गुणिले १७५, म्हणजे २,२७५. अमरावती आणि अकोला या दोन लोकसभा जागांचे २०२२ च्या मूल्याने १,४०० धरले की झाले ३,६७५. दहा लाखांहून अधिक मूल्याच्या निवडणुकीत एवढा आपला वाटा.

मतदान गुप्त असतं आणि पसंतिक्रमाने होतं. एवढी माहिती शाळेच्या नागरिकशास्त्रातही मिळते. त्या पुस्तकात न सापडणारा भाग आहे तो नाव ठरण्याचा. घटना त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. कायदा म्हणतो तो इतकाच: उमेदवार भारताचा नागरिक असावा, वयाची ३५ वर्षं पूर्ण झालेली असावीत, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा, लाभाच्या पदावर नसावा. अर्जावर पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक यांच्या सह्या हव्यात, आणि हे सगळे त्या निवडणुकीतले मतदार, म्हणजे आमदार-खासदारच हवेत. अनामत १५,००० रुपये. १९९७ पर्यंत दहा-दहा सह्यांवर भागत असे. आता ज्याच्यामागे पक्ष नाही त्याचा अर्ज छाननीतच बाद होतो. म्हणजे मतपत्रिकेवर कोणती नावं येणार, हे पक्षांच्याच हातात राहिलं.

जिल्हा परिषदेचं राजकारण पाहणाऱ्याला हे नवं वाटणार नाही. अध्यक्ष निवडतात सदस्य, पण नाव ठरतं आदल्या रात्री पक्षाच्या बैठकीत, सभागृहात फक्त हात वर होतात. फरक एकाच ठिकाणी आहे, आणि तो मोठा आहे. जिल्हा परिषदेत पक्षादेश मोडला तर १९८६ च्या कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढताच येत नाही. आमदाराने कुणालाही मत दिलं तरी त्याची आमदारकी जात नाही. म्हणून नाव निवडतानाच पक्षांना फार जपावं लागतं. ज्याला मत देताना आपली माणसं बिचकणार नाहीत, आणि ज्याला नाही म्हणताना समोरचे अडखळतील, असं नाव शोधावं लागतं.

या शोधाचं सगळ्यात उघडं उदाहरण आपल्याच घरातलं आहे.

२००७ च्या उन्हाळ्यात डॉ. अब्दुल कलामांची मुदत संपत आली होती. केंद्रात काँग्रेसप्रणीत आघाडीचं सरकार होतं आणि ते डाव्या पक्षांच्या साठेक खासदारांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं. त्यामुळे काँग्रेसचा उमेदवार डाव्यांना मान्य असणं भाग होतं. काँग्रेसने गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकरांचं नाव पुढे केलं, डाव्यांनी ते मान्य केलं नाही. प्रणव मुखर्जींचं नाव डाव्यांना चाललं असतं, पण सरकारमधून त्यांना सोडायला काँग्रेसची तयारी नव्हती. करण सिंह, सुशीलकुमार शिंदे ही नावंही त्या आठवड्यांत बातम्यांत होती. एकेका नावावर कुणाची ना कुणाची हरकत येत गेली. आणि १४ जूनला दिल्लीतल्या बैठकीतून जे नाव बाहेर आलं, ते आधीच्या कोणत्याच यादीत ठळकपणे नव्हतं: राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील.

नाव अचानक आलं, पण त्यामागचा हिशेब कच्चा नव्हता. प्रतिभाताईंचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं नाडगाव आणि सासर अमरावतीचं. १९६२ मध्ये जळगावातून त्या पहिल्यांदा आमदार झाल्या. पुढे एदलाबादमधून सलग निवडून येत राहिल्या, राज्यसभेच्या उपसभापती झाल्या आणि १९९१ ते १९९६ अमरावतीच्या खासदार होत्या. पती देवीसिंह शेखावत १९८५ ते १९९० अमरावतीचे आमदार होते. पक्षावरची निष्ठा अनेक दशकांची. महाराष्ट्रातून तोवर कुणी राष्ट्रपती झालं नव्हतं, आणि देशात कोणतीही स्त्री झाली नव्हती. डाव्यांना हरकतीला जागा उरली नाही, उलट पहिली महिला राष्ट्रपती या मुद्द्यावर विरोध करणंच सगळ्यांना जड गेलं. समोर भाजपच्या पाठिंब्याने अपक्ष उभे होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातले. देवीसिंहांच्या घराण्याची मुळंही सीकरचीच. राजस्थानी अस्मितेचा मुद्दा भैरोसिंहांना एकट्यासाठी वापरता येईल, अशी सोय राहिली नाही. राज्यपालपद या निवडणुकीपुरतं लाभाचं पद मानलं जात नाही, त्यामुळे कायद्याने प्रतिभाताईंना पद सोडायची गरज नव्हती. तरी संकेत पाळून त्यांनी ते सोडलं.

आता बेरीज. मे महिन्यात मायावतींनी उत्तर प्रदेशात २०६ जागा जिंकल्या होत्या. २०६ गुणिले २०८ म्हणजे ४२,८४८. महाराष्ट्राची अख्खी विधानसभा ५०,४०० ची, हे लक्षात घेतलं की दिल्लीचे नेते त्या दिवसांत लखनौकडे का डोळे लावून होते ते कळतं. मायावतींच्या बसपाने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. तिसऱ्या आघाडीने कलामांना पुन्हा उभं राहण्याची गळ घातली होती, पण निवडून येण्याची खात्री नसताना त्यांना त्यात पडायचं नव्हतं. ते बाजूला झाले आणि लढत दोघांत उरली.

यानंतरची घडामोड वऱ्हाडाच्या नकाशावरच दिसते. त्या वेळी अमरावतीचे खासदार होते शिवसेनेचे अनंत गुढे, अकोल्याचे भाजपचे संजय धोत्रे. दोन शेजारी जिल्हे, खासदार एकाच युतीचे. बाळासाहेब ठाकरेंनी मराठी व्यक्ती पहिल्यांदा राष्ट्रपती होतेय म्हणून युतीचा उमेदवार सोडून प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला, आणि या दोन खासदारांचे पक्ष समोरासमोर आले. २००४ मध्ये सेनेचे १२ खासदार लोकसभेत गेले होते. बारांचे ८,४९६ होतात, आमदार वेगळे. ही मतं नसती तरी प्रतिभाताई निवडून आल्याच असत्या. पण युतीत राहूनही वेगळी वाट धरता येते, हे या निवडणुकीने दाखवलं. उमेदवार निवडताना समोरच्या आघाडीतली फट हेरायची असते, ही गोष्ट पुढे प्रत्येक पक्षाने ध्यानात ठेवली.

१९ जुलैला मतदान झालं, २१ जुलैला मतमोजणी. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं पडली, शेखावतांना ३,३१,३०६. २५ जुलैला शपथविधी झाला.

आमदार हे मत देतो कसं, तेही पाहण्यासारखं आहे. मतदान होतं मुंबईत विधान भवनात. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. तीवर पक्षाचं चिन्ह नसतं. उमेदवारांची नावं आणि प्रत्येकासमोर पसंतिक्रमाची रिकामी जागा एवढंच असतं. ज्याला पहिली पसंती द्यायची त्याच्या नावापुढे १ लिहायचा, वाटलं तर पुढच्याला २. आकडा देवनागरीत लिहिला तरी चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की मत बाद. पहिली पसंती दिलीच पाहिजे, पुढच्या ऐच्छिक. २०१७ पासून निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहावं लागतं, खिशातलं पेन चालत नाही. पेट्या सीलबंद होऊन विमानाने दिल्लीला जातात आणि मोजणी संसद भवनात होते. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मूल्य मिळवणारा निवडून येतो. पहिल्या पसंतीत ते कुणालाच मिळालं नाही, तर तळाच्या उमेदवारांना एकेक करून वगळत त्यांची पुढची पसंती इतरांना देतात.

ती वेळ आजवर एकदाच आली, १९६९ साली. पक्षाने उमेदवार ठरवला आणि पक्षाच्याच माणसांनी तो पाडला, असं घडलेली निवडणूकही तीच. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मंडळाने चार विरुद्ध दोन मतांनी नीलम संजीव रेड्डींना निवडलं, आणि त्या चारांत यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील हे दोघे मराठी नेते होते. इंदिराबाईंनी रेड्डींच्या अर्जावर सही केली, आणि नंतर सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची हाक दिली. अपक्ष व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मूल्याची मतं मिळाली, रेड्डींना ३,१३,५४८. तिसरे होते सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा त्यांना पाठिंबा होता, मतं १,१२,७६९. पसंत्या फिरल्या तेव्हा रेड्डी खूप जवळ आले, पण शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. काही महिन्यांत काँग्रेस फुटली. मंडळात बहुमत असलं म्हणजे आमदारांत असतंच असं नाही, हे त्या निकालाने दाखवलं. तेव्हापासून एकही पक्ष या नावाचा निर्णय बैठकीत मतं मोजून घेण्याच्या भानगडीत पडत नाही. नेत्याला अधिकार देण्याचा ठराव होतो आणि नेता नाव सांगतो.

पुढच्या निवडणुकांत हीच रीत दिसते. २०१२ मध्ये शिवसेनेने पुन्हा युतीबाहेर जाऊन प्रणव मुखर्जींना पाठिंबा दिला. २०१७ मध्ये भाजपने १९ जूनला बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचं नाव जाहीर केलं आणि विरोधी गटातले नितीशकुमार त्यांच्या बाजूला आले. विरोधकांनी मग मीरा कुमार यांना उभं केलं. त्या आधी डाव्यांच्या बाजूने जी नावं बातम्यांत आली, त्यांत प्रकाश आंबेडकर होते, म्हणजे अकोल्यातून १९९८ आणि १९९९ मध्ये लोकसभेवर गेलेले बाळासाहेब. कोविंदांसारख्या दलित उमेदवारासमोर तोडीचं कोण, हा त्या चर्चेचा रोख होता. २०२२ मध्ये शरद पवार, फारुख अब्दुल्ला, गोपाळकृष्ण गांधी या तिघांनी नकार दिल्यावर विरोधकांकडे यशवंत सिन्हा उरले. भाजपने निवडलेल्या द्रौपदी मुर्मू संथाल आदिवासी, आणि पहिल्या आदिवासी राष्ट्रपतीला नाही म्हणणं अनेकांना जमलं नाही. नुकतंच सत्तेवरून गेलेल्या उद्धव ठाकरेंनीही त्यांना पाठिंबा दिला.

मला या पद्धतीतली एक गोष्ट मनापासून पटते. आघाडीतल्या सगळ्यांना चालेल असं नाव शोधावं लागतं, म्हणून कुणाच्याही डोळ्यांत खुपणारा माणूस त्या खुर्चीपर्यंत सहसा जात नाही, आणि राष्ट्रपतीच्या पदाला ते साजेसंच आहे. पण ज्यांच्या एकेका मताचं मूल्य १७५ आहे, त्या आमदारांना नाव ठरण्याआधी विचारण्याची रीत एकाही मोठ्या पक्षात नाही, हे मात्र खटकतं. अमेरिकेतही अध्यक्षाची अंतिम निवड मतदारमंडळच करतं, पण पक्षाचा उमेदवार कोण हे तिथले सामान्य मतदार राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांत महिनोन्महिने ठरवत असतात. तेवढा पसारा आपल्याला नको. तरी पक्षाने दोन-तीन नावं महिनाभर आधी आपल्या आमदारांपुढे ठेवावीत, त्यांची मतं कागदावर घ्यावीत, इतकं सहज करता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, पक्षाचा एक ठराव पुरतो. मग मेळघाटचा आमदार आपल्या कोरकू मतदारांना काय वाटतं ते निदान पक्षाच्या कानावर घालू शकेल.

मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. नवी लोकसंख्या धरायची ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर, तोवर महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमरावती आणि अकोला जिल्ह्यांनी निवडलेले तेरा आमदार त्या निवडणुकीचे मतदार आहेत. नावांची चाचपणी साधारण मे महिन्यात सुरू होते आणि जूनच्या अखेरीस अर्ज भरून झालेले असतात. आमदाराशी यावर बोलायचं असेल तर ते त्या मे महिन्याच्या आधी.