रान उक्ते विकण्यापूर्वी



काजूला मोहोर धरला की आपल्या भागात लाकडाचे व्यापारी फिरू लागतात. मागे कसालला बैठक झाली तेव्हा एका आजींनी सरळच विचारले, "साहेबानू, ठेकेदार रोख पैशे देता. झाडां काय खावक घालतत?" प्रश्न रास्त आहे. त्याला उपदेश करून भागणार नाही, हिशेबच मांडायला हवा.

आपल्या जिल्ह्यात पुष्कळसे रान सरकारी नसून मालकीचे आहे. वरकस जमिनीचा तुकडा, डोंगरउतार, सातबाऱ्यावर आठ-दहा नावे. म्हणून सौदा घरातच होतो आणि नुकसानही घरातच राहते.

माझ्याच घरचे सांगतो. मी दापोलीला बी.एस्सी.ला असताना बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी ऐन-किंजळीचे रान उक्ते दिले. पैसे वेळेवर आले, लग्न नीट झाले, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण उक्ते म्हणजे सरसकट. मोठ्या झाडांबरोबर त्यांच्या सावलीतले रातांबेही जळाऊ म्हणून गेले. पुढल्या वर्षी भाजावळीला कवळ नाही, मांडवाला मेढी नाहीत, चुलीला फाटी नाहीत. आमसुलं आईने बाजारातून आणली. सोलकढीला विकतची सोलं, हे तिला फार लागले. मी शेतीचे शिकत होतो, पण सौद्याच्या वेळी एक शब्द बोललो नव्हतो. रातांबे तेवढे राखा, एवढे म्हणायला काय हरकत होती?

तेव्हा पहिली गोष्ट ही की, सौदा करण्यापूर्वी घरच्या बायकांना घेऊन रान एकदा पायाखाली घालावे. कुठल्या झाडाचे काय घरात येते हे त्यांना पक्के ठाऊक असते. पुरुषांना बहुधा फक्त लाकूड दिसते. आंबा, फणस, रातांबा, जांभूळ, वर चढलेली मिरी, पातेरा, जळण, गुरांचा पाला असे सगळे धरून वर्षाची रक्कम काढावी आणि ठेकेदाराच्या आकड्याशेजारी मांडावी. ठेकेदाराची रक्कम एकदाच येते, हेही लक्षात ठेवावे.

रातांब्याविषयी जरा जास्त सांगतो, कारण हे झाड आपण फुकटचे समजतो. त्याच्या सालीची आमसुलं होतात, रसाचा आगळ होतो आणि बियांपासून मुठेल निघते. भेगाळलेल्या टाचांना आपण ते लावतोच, पण सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांतही त्याला मागणी आहे. म्हणून बिया उकिरड्यावर टाकू नयेत, धुऊन वाळवून ठेवाव्यात. अडचण आहे ती पावसाची. फळ मे महिन्यात पिकते आणि वळवाने गाठले की माल कुजतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली दिलेली 'कोकण अमृता' ही जात लवकर तयार होते, ती याच कारणाने लावावी. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. त्यामुळे कलमेच घ्यावीत. कलमाची काडी उभ्या वाढणाऱ्या फांदीची असावी, आडव्या फांदीची असेल तर झाड जमिनीसरसे पसरते. अंतर ६ × ६ मीटर ठेवावे. रानातला एखाददुसरा नर रातांबा परागासाठी राखावा.

आता लाकूड विकूच नये असे मी म्हणत नाही. घराला नड येते. पण वेचून विकावे. ऐन आणि किंजळ बुंध्यातून पुन्हा फुटतात. तोड जमिनीलगत, तिरकी व स्वच्छ करावी म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही. दर बुंध्याला दोन-तीन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढावेत आणि पहिली दोन वर्षे गुरे व वणवा यांपासून सांभाळावे. आफ्रिकेतल्या नायजर देशात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून शेतकऱ्यांनी नवी रोपे न लावता शेतातल्या जुन्या बुंध्यांचे फुटवेच राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडी परत आली. त्यांच्याकडे वर्षभरात पडतो तो पाऊस आपल्या एका जुलैपेक्षाही कमी!

काजूसाठी रान साफ करतात, तिथेही हेच धोरण ठेवावे. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि आपल्या वरकस जमिनींवर काजू-आंबा उभा राहिला, हे चांगलेच झाले. पण अलीकडे यंत्र लावून अख्खा उतार खरवडतात. पहिल्याच पावसात माती व्हाळात जाते आणि खाली कातळ उघडा पडतो. माथ्यावरची व व्हाळाकाठची झाडी तशीच ठेवावी, मधल्या भागात काजू लावावा.

राहिला प्रश्न कवळाचा. दरवर्षी शेंड्यापर्यंत छाटलेला ऐन खंगत जातो. शेंडा राखून, दोन-तीन वर्षांआड पाळीने तोडावे. त्याहून बरे म्हणजे डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीप्रमाणे तरव्याला दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळावी. भाजावळ टळते. बांधावर गिरिपुष्पाची खुंटे लावून त्याचा कोवळा पाला गुंठ्याला ३० किलो या प्रमाणात, चिखलणीच्या आठवडाभर आधी पसरावा.

आणखी एक. मालकीचे झाड असले तरी ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर अशा झाडांच्या तोडीला १९६४च्या कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. "ती मी बघतो" असे ठेकेदार म्हणतो, पण प्रकरण झाले तर नाव सातबाऱ्यावरच्या मालकाचे येते. परवाना स्वतः पाहावा, त्याची प्रत घरात ठेवावी, आणि विकलेल्या झाडांना रंगाचा पट्टा मारून त्यांची संख्या करारात लिहून घ्यावी.

रातांब्याच्या कलमांची मागणी शासकीय किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेत आधीच नोंदवावी, मृगाच्या तोंडावर गेल्यास कलमे शिल्लक असतीलच असे नाही. २ × २ × २ फुटांचे खड्डे मात्र एप्रिलमध्येच मारून चांगले तापू द्यावेत.