आवाज फाटतो तेव्हा

मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधे, जुन्या सहा नंबरच्या आणि आता ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी आहे. हळदीच्या संध्याकाळी मी बहिणीच्या घरी पोचलो, तेव्हा मांडव उभा राहिला होता, भोंगे बांधून झाले होते आणि साउंडवाले भाऊ मशीनवर बसलेल्या पोराला ओरडून सांगत होते, "आवाज फाटून राह्यला ना, कमी कर थोडा!" त्याच मांडवाच्या कोपऱ्यात माझा भाचा गिटार घेऊन बसला होता. त्याच्या पायाशी साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी हिरवी डबी होती. कित्येक महिने पैसे साठवून घेतलेली ती डबी एकच काम करते. ती आवाज मुद्दाम फाडते.

तिला म्हणतात ओव्हरड्राइव्ह पेडल. पायाने खटका दाबायचा, म्हणून पेडल.

"मामा, माह्या ॲम्पवर हे भारी वाजते. मंग इथं भोंग्यावर असं काहून?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. गिटार तीच, डबी तीच, बोटंही तीच. पण त्याच्या लहानशा ॲम्पवर आवाज जाड आणि गोड यायचा, मांडवातल्या मशीनवर करकरायचा, आणि घरातल्या होम थिएटरला जोडलं की बाटलीत माशी कोंडल्यासारखा व्हायचा. त्या रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघांनी हाच एक प्रश्न घेतला आणि वायरी बदलत बसलो.

आवाज फाटणं म्हणजे काय, इथून सुरुवात करायला हवी. गिटारच्या तारेखाली पिकअप असतो. चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्यात वीज उमटते, तीही जेमतेम व्होल्टचा दहावा हिस्सा. ॲम्प्लिफायर ती वाढवतो. पण त्यालाही छत असतं. त्याच्याकडे जेवढे व्होल्ट आहेत, त्याहून उंच लाट तो काढू शकत नाही. लाट छताला लागली की तिचा माथा सपाट होतो. सपाट माथ्याची लाट ही आता एका स्वराची साधी लाट उरत नाही. तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे स्वर तयार होतात. ते गिटारने दिलेले नसतात, छताने दिलेले असतात.

गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर सेकंदाला ११० कंपनं होतात. तिला सा म्हणू. तिप्पट म्हणजे ३३०, हा वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे ५५०, दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार. सातपट ७७० हा कोमल निषादाच्या शेजारचा, पण किंचित उतरलेला. हे ऐकून गाणं शिकलेल्या कुणालाही तानपुरा आठवेल. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा अंश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा अंशस्वर.

आणि हे साम्य वरवरचं नाही. तानपुऱ्याची घोडी किंचित उताराची असते आणि तिच्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. तार मोकळी झुलत नाही, झुलताना घोडीला घासून जाते. तारेच्या कंपनांचा नियम असं सांगतो, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते अंशस्वर उमटणार नाहीत. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात १९२१ साली वीणा आणि तानपुऱ्यावर लिहिलेल्या निबंधात दाखवलं, की या वाद्यांत ते स्वरही हजर असतात, आणि त्याचं कारण ती घोडी. तारेला मधेच अडवलं की ती अधिक स्वर बोलते. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत, त्यांच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे विजेला लावलेली जवारी, असं मी भाच्याला सांगितलं. माझ्या मते ही नुसती उपमा नाही. लाटेला अडथळा आणायचा आणि त्यातून अंशस्वर मिळवायचे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

पाश्चात्त्य संगीतात हा आवाज आधी अपघातानेच आला. १९५१ सालच्या 'रॉकेट ८८' या ध्वनिमुद्रणात वाजणारा ॲम्प प्रवासात नादुरुस्त झालेला होता. १९५८ मध्ये लिंक रे या वादकाने त्याच आवाजासाठी स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोकं पाडली. पुढे वादक व्हॉल्व्हचे ॲम्प शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून तो मिळवू लागले. पण घरात, हळू आवाजात तो हवा तर काय करायचं? जपानमध्ये बॉस कंपनीने १९७७ साली 'ओडी-१' काढलं, १९७९ मध्ये आयबानेझचं हिरवं 'ट्यूब स्क्रीमर टीएस८०८' आलं, १९८१ मध्ये बॉसचंच 'एसडी-१'. आज दोन-अडीच हजारांपासून मिळणारी बहुतेक पेडल याच घराण्यातली आहेत.

इतकी स्वस्त कशी? कारण आत दडवण्यासारखं काही नाही. साउंडवाल्या भाऊंनी पेचकस आणून डबीचं बूड उघडलं आणि ते हसले. "हे तं आपलं पंचेचाळीस अठ्ठावन्न हाय!" आठ पायांची ४५५८ ही आयसी. गावोगावच्या रेडिओ मेकॅनिकांनी जुळवलेल्या मशीनच्या बेस-ट्रेबल बोर्डावर हीच बसलेली असते, आणि ट्यूब स्क्रीमरच्या पोटातही हीच आहे. ती सिग्नल वाढवते, 'ड्राइव्ह'ची फिरकी कशी फिरवाल त्याप्रमाणे बारा पटींपासून सुमारे एकशे अठरा पटींपर्यंत. तिच्या वाटेत सिलिकॉनचे दोन डायोड उलटसुलट लावलेले असतात. साधारण अर्ध्या व्होल्टच्या पुढे ते हळूहळू वाट मोकळी करून देतात आणि वाढ थांबते. 'हळूहळू' महत्त्वाचं आहे. त्यामुळे लाटेचा माथा कुऱ्हाडीने तोडल्यासारखा न होता गोलसर दबतो, आणि फार वरचे कर्कश अंशस्वर कमी निघतात. एसडी-१ मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक डायोड असतो. लाट दोन्हीकडे सारखी दबत नाही, म्हणून दुप्पट-चौपट कंपनांचे, म्हणजे वरच्या षड्जांचे स्वरही मिसळतात.

यातला कुठलाच भाग महाग नाही. स्वस्त पेडलमध्ये खटका, फिरकी आणि सॉकेट लवकर झिजतात, हा फरक खरा. आवाजात मात्र पेडलपेक्षा पेडलच्या पुढे काय आहे यानेच जास्त फरक पडतो.

ट्यूब स्क्रीमर ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर कमी वाढवतं आणि वरचं टोकही कापतं, त्यामुळे मधला पट्टा पुढे येतो. अमेरिकन फेंडर ॲम्पमध्ये नेमका मधला पट्टा, चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपासचा, खोल गेलेला असतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनने ही जोडी जगभर नेली. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये फेंडरच्याच बेसमन ॲम्पवरून आपला पहिला ॲम्प केला, पण मार्शलचा मधला पट्टा भरत गेला. तिथे हेच पेडल ड्राइव्ह चढवून लावलं तर आवाज नाकातून येतो. म्हणून जाणकार वादक तिथे ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलची उंची, भरपूर ठेवतात. मग फाडण्याचं काम पेडल करत नाही. ते ॲम्पच्या व्हॉल्व्हला ढकलतं आणि व्हॉल्व्ह स्वतः फाटतो.

आपल्याकडच्या पोरांच्या खोलीत व्हॉल्व्हचा ॲम्प क्वचितच असतो. ट्रान्झिस्टरचा लहान ॲम्प शेवटपर्यंत स्वच्छ वाजतो आणि छत आलं की एकदम कापतो. तो ढकलून गोड होत नाही. तिथे उलट करायचं. जे काही फाडायचं ते पेडलनेच, आणि लेव्हल एवढीच, की पेडल चालू-बंद केलं तरी आवाज तेवढाच राहील. भाच्याला हे न सांगताच जमलं होतं.

मग होम थिएटरवर माशी का? तिथे दोष पेडलचा नव्हता, स्पीकरचाही नव्हता. गिटारच्या ॲम्पमधला कागदी कोनाचा स्पीकर पाच हजार हर्ट्झनंतर झपाट्याने मुका होतो. ११० च्या 'सा'चे पंचेचाळिसाव्या अंशाच्या पुढचे स्वर तो गिळून टाकतो, आणि ते गिळलेलंच बरं. होम थिएटरचा ट्वीटर वीस हजारांपर्यंत सगळं प्रामाणिकपणे ऐकवतो. आम्ही टोनची फिरकी जवळजवळ शून्यावर आणली, ट्रेबल उतरवला, आणि माशी बरीचशी गेली.

भोंग्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त रंगतदार वाटते. भोंगा साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ बोलत नाही. म्हणजे ११० चा मूळ सा त्यातून येतच नाही. तरी तो ऐकू येतो, कारण ३३०, ४४०, ५५० असे अंश कानावर पडले की मेंदू त्यांच्यामागचा समान दुवा ओळखतो आणि नसलेला सा स्वतः भरून काढतो. स्वच्छ गिटारच्या जाड तारेत हे वरचे अंश लवकर विरतात आणि भोंग्यातून ती पत्र्यासारखी वाजते. पेडलने थोडे अंश घातले की तिला पोट येतं. मात्र भोंगा दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात फार मोठ्याने बोलतो, आणि आपला कानही तिथेच सर्वांत हळवा असतो. म्हणून ड्राइव्ह जास्त झाला की करकर.

मिरवणुकीतला बेंजो वाजवणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक असणार. मूळचं हे जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा लावून ताइशोगोतो बनवलं, आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप लावून भोंग्याला जोडल्यावर बेंजो. दिग्दर्शक रवी जाधव यांनी त्याच्यावर २०१६ मध्ये सिनेमाही काढला. ताशाच्या गजरातून बेंजोची तार कानापर्यंत पोचते, ती याच फाटण्यातून आलेल्या अंशस्वरांमुळे.

मांडवातल्या मशीनवर आणखी एक अडचण निघाली, आणि तिथे पेडलने फाडण्यापेक्षा मोठं काम केलं. गिटारच्या पिकअपला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा अडथळा हवा असतो. माइकच्या सॉकेटमध्ये तो काही हजारच असतो. गिटार थेट खुपसली की तेवढ्याने ती दबून जाते, गोधडीखालून वाजल्यासारखी. पेडलच्या आत जाताना सुमारे पाच लाख ओहम भेटतात आणि बाहेर पडणारा सिग्नल दमदार असतो. पेडल मधे आलं की गिटार मोकळी होते. पण भाच्याचं पेडल 'ट्रू बायपास' होतं, खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं. याचा अर्थ, खटका बंद केला की आतली आयसी वाटेतून पूर्ण बाजूला होते. गिटार पुन्हा गोधडीत! या मशीनवर हा गुण उपयोगाचा नाही. उपाय असा, की पेडल बंद करायचंच नाही. ड्राइव्ह उतरवून ते चालू ठेवायचं आणि गिटारवरची व्हॉल्यूमची फिरकी कमी करून स्वच्छ आवाज घ्यायचा.

मध्यरात्रीच्या सुमारास भाच्याने विचारलं, की दोन तारा मिळून वाजवल्या तर छान, पण पूर्ण कॉर्ड धरला की चिखल का होतो. फाटणाऱ्या लाटेत दोन स्वरांच्या वजाबाकीचाही स्वर तयार होतो. सा ११० आणि गिटारचा प १६४.८१ घ्या. फरक ५४.८१, म्हणजे जवळजवळ खालचा सा. पाया भक्कम होतो. आता मधे ग घाला. पडद्यांवर बसवलेल्या गिटारचा गंधार १३८.५९ आहे, तानपुऱ्याचा असता तर १३७.५० असता. सा-ग यांचा फरक २८.५९, ग-प यांचा २६.२२. तानपुऱ्याच्या शुद्ध गंधार-पंचमात दोन्ही साडेसत्तावीस आले असते. इथे ते एकमेकांशी भांडतात आणि तळाशी सेकंदाला दोन-अडीच हेलकावे बसतात. म्हणून रॉक वाजवणारे गंधार गाळून सा-प धरतात.

भाऊंची काळजी वेगळी होती. "माहं युनिट जळन ना भाऊ." ती योग्यच होती. तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेपेक्षा पूर्ण सपाट माथ्याची लाट दुप्पट शक्ती ओतते, आणि भोंग्याच्या युनिटमधली कॉइल तापते. मशीनचा लाल दिवा लागू द्यायचा नाही, एवढं ठरलं. अडॅप्टरही तपासला. या पेडलना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधोमध ऋण. घरातले कित्येक अडॅप्टर उलटे असतात. जनरेटरवर वाजवायचं तर अर्थिंग आधी पाहायची. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि बोटं तारांवर असताना ओठ माइकला लागले तर झटका बसू शकतो. हे मी भाच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सकाळी बहिणीची नेलपॉलिश घेऊन त्याने पेडलवर खुणा केल्या. त्याच्या ॲम्पसाठी लाल ठिपके: फिरकी घड्याळाचा काटा मानली तर ड्राइव्ह दोनवर, लेव्हल दहावर. भोंग्यासाठी गुलाबी: ड्राइव्ह आठवर, टोन नऊवर, लेव्हल एकवर. होम थिएटरसाठी त्याने एकही ठिपका ठेवला नाही. मग त्याने गुलाबी ठिपक्यांवर फिरक्या लावल्या, गिटार गळ्यात अडकवली आणि तो वरातीच्या ट्रॅक्टरवर चढला.