पावसाच्या पाण्याचा कारभारी

पावसाचे पाणी वाहून नेणारे चर सांभाळण्यासाठी माणूस मतदानाने निवडतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. अमेरिकेतील मिशिगन राज्यात असे घडते. तेथील बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मतदार दर चार वर्षांनी एक ‘ड्रेन कमिशनर’ निवडतात.

याचे कारण तेथील भूमीत आहे. राज्याच्या आग्नेय भागातील बरीचशी जमीन म्हणजे हिमयुगाच्या अखेरीस बनलेल्या सरोवरांचा तळ होय. ती सपाट आणि चिकणमातीची असल्यामुळे पाणी लवकर जिरत नाही व वाहतही नाही. म्हणून चर खणावे लागतात. चरातील पाण्याला पुढे नेते ते गुरुत्वाकर्षण. पाण्याची खोली व तळाचा खडबडीतपणा तोच ठेवून उतार चौपट केला, तरी वेग दुप्पटच होतो. उलट, गवत माजले व गाळ साचला की वेग मंदावतो आणि पाणी काठ ओलांडते.

आता एक गणित करू. १ हेक्टर जमिनीवर एका तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २,५०,००० लिटर पाणी जमते. समजा, शेतातून त्याचा ३/१० भाग वाहून गेला. म्हणजे ७५,००० लिटर. तेथेच डांबरी वाहनतळ केला आणि ९/१० भाग वाहू लागला, तर २,२५,००० लिटर! पाऊस तोच, पण खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर तिप्पट पाणी.

येथेच भांडण सुरू होते. वरचा म्हणतो, “माझी जमीन कोरडी आहे; मी पैसे का द्यावे?” पाणी गावांच्या सीमा ओळखत नाही. म्हणून १९५६ च्या निचरा कायद्यानुसार चराचे पाणलोट क्षेत्र हाच एक विभाग मानतात. जमीनमालकांनी अर्ज केल्यावर, ज्यांचा त्यात हितसंबंध नाही असे तीन मालमत्ताधारक कामाची गरज आहे की नाही ते ठरवितात. खर्चाची वाटणी लाभाच्या प्रमाणात होते. ती ठरविणे हे कमिशनरचे काम. त्यात वरच्यालाही वाटा उचलावा लागतो.

यावर एक उपाय म्हणजे वाहनतळाजवळ तळे खणून त्यातून पाणी हळूहळू सोडणे. एकूण पाणी तेवढेच राहते. दर सेकंदाला वाहणारे मात्र कमी होते.

तुमच्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा व असेच गणित करा. ते पाणी पुढे कोणाच्या दारी जाते, तेही पाहून या.