दवाखान्याच्या वाटेवर गोधडीची पिशवी



मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे राज्य बदलले, पण दुखण्याखुपण्याची वाट बदलली नाही. परभणी-नांदेडकडची कितीतरी माणसे मोठ्या आजारासाठी आजही हैदराबादची गाडी धरतात. रेड हिल्सचे कॅन्सर रुग्णालय असो की पंजागुट्ट्याची निजाम्स इन्स्टिट्यूट, उपचार एका दिवसात आटोपत नाहीत. रुग्णासोबत गेलेल्या आईला, पत्नीला तासन्‌तास बाकावर बसावे लागते. शेतात राबणारे हात तेथे रिकामे राहतात आणि काळजी मन पोखरू लागते. अशा वेळी हाताशी गोधडीचे काम असावे, असे आम्ही सुचवतो.

अख्खी गोधडी सोबत नेता येत नाही. तिचे थर अंथरायला घरची जमीनच हवी. सोबत न्यायचे ते वरच्या थराचे तुकडे जोडण्याचे काम. ज्यांच्या नावाने हैदराबादेत बंजारा हिल्स आहे, ते बंजारे पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहत गावोगाव फिरत. त्या फिरस्तीच्या जिण्यातही त्यांच्या स्त्रियांनी सुईदोरा सोडला नाही. त्यांच्या कापडावरील आरसे आणि टाके आपण बाजारात पाहतोच.

तयारी मात्र घरीच पूर्ण करावी. जुनी लुगडी, सदरे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. विरलेला भाग टाकून द्यावा. रंग जाणारे कापड वेगळे काढावे. जाड पुठ्ठ्याचा 17 सेंटिमीटरचा चौकोन कापून त्याच्या मापाने 96 तुकडे करावेत. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर आत साबणाच्या चिपेने रेघ मारावी. टाके त्या रेघेवरूनच घालायचे. मग रंगसंगती जमिनीवर मांडून पाहावी आणि सोळा-सोळा तुकड्यांच्या सहा पुरचुंड्या बांधाव्यात. प्रत्येक पुरचुंडीत चार-चार तुकडे क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवावेत, म्हणजे तेथे विचार करावा लागत नाही. प्रवासाला एक-दोन पुरचुंड्या पुरेत.

पिशवीत दोऱ्याचे रीळ, मेणाचा खडा, अंगुस्तान, लहान बोथट टोकाची कात्री आणि फलाणीच्या तुकड्यात टोचलेल्या चार सुया असाव्यात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा गुंततो. दोरा संपलाच तर सिकंदराबादच्या जनरल बाजारात मिळेल.

आता आरोग्याविषयी. धावत्या बसमध्ये शिवू नये. उठण्यापूर्वी सुया मोजाव्यात. बाकावर राहिलेली सुई दुसऱ्याच्या लेकराला टोचते. मधुमेह असणाऱ्यांनी अंगुस्तानाशिवाय सुई धरू नये, कारण त्यांची बारीक जखमही चिघळू शकते. पिशवी दवाखान्याच्या फरशीवर ठेवू नये, आणि घरी परतल्यावर शिवलेले सारे धुऊन उन्हात घालावे. थोड्या थोड्या वेळाने मान वर करून दूर पाहावे. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईनासा झाला तर डोळे तपासून चष्मा घ्यावा. डोळ्यांसाठी त्याच शहरात 1987 पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थाही आहे.

आणखी एक सांगणे. ही शिवण म्हणजे नवे ओझे नव्हे. रुग्णाला झोप लागली की सोबतच्या बाईनेही आधी जेवावे, मग पाठ टेकावी. उरल्या वेळात सुई धरावी. या कामाचा मोठा गुण असा की ते कोठेही थांबवता येते. रुग्णाचे नाव पुकारले की सुई फलाणीत खोवावी आणि उठावे. एकही टाका वाया जात नाही.

एका पुरचुंडीचा 60 सेंटिमीटरचा चौरस होतो. असे सहा चौरस जोडले की 120 बाय 180 सेंटिमीटरचा वरचा थर तयार. घरी आल्यावर त्याखाली जुन्या लुगड्यांचे थर घालून शेजारणींना बोलवावे आणि धावदोरा घालून गोधडी पुरी करावी. दवाखान्यातून परतलेल्या माणसाला थंडीत ऊब लागते. ती त्याच्यासाठी जागलेल्या हातांनीच शिवलेली असेल.