वर्गातील तहानलेले मूल

वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागणारा विद्यार्थी आपणांस कामचुकार वाटतो. उमेदीच्या काळात मीही अशा कित्येकांना दटावून खाली बसविले. त्यांपैकी एखादे मूल आजारी असेल, अशी शंका मनास शिवली नाही.

कळंबच्या उन्हाळ्यात तहान कोणास लागत नाही? परंतु जे मूल रात्रीही उठून पाणी पिते, मोठे झाल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागते आणि पोटभर जेवूनही वाळत जाते, त्याची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासून घ्यावी. बोटातील एक थेंब रक्त त्यास पुरते.

मुलांच्या मधुमेहात बहुधा शरीरातील इन्सुलिनच संपत आलेले असते. रक्तात साखर साचते, पण पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते व त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात उतरतात. पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, त्यास पिकलेल्या फळासारखा वास येतो. पुढे गुंगी येते. घरची मंडळी ऊन लागले किंवा अपचन झाले असे समजतात आणि मोलाचे तास निघून जातात. येथे एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उलट्यांनी अंगातील पाणी आटले की लघवी कमी व्हावयाची. ह्या विकारात ती होतच राहते.

अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून क्षारयुक्त द्रव, मोजून इन्सुलिन व पोटॅशियम देतात आणि रक्त पुनःपुन्हा तपासतात. हे घाईने केल्यास मेंदूस सूज येण्याचे भय असते; म्हणून गावातच सलाईनची बाटली लावून घेण्याचा मोह टाळावा.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉमसन ह्या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलास प्रथम इन्सुलिन टोचले गेले. तो पुढे १३ वर्षे जगला. तत्पूर्वी अशी मुले वाचत नसत.

ज्याचा मधुमेह आधीच ठाऊक आहे, त्याचे इन्सुलिन ताप आला वा जेवण गेले नाही म्हणून परस्पर बंद करू नये, डॉक्टरांस विचारावे. मात्र असे मूल एकाएकी घामाघूम होऊन थरथरू लागले, तर साखर कमी झालेली असते. शुद्धीत असल्यास त्यास लगेच साखर खावयास द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काही देऊ नये.

वर्गशिक्षकाने अशा मुलाच्या इन्सुलिनच्या वेळा व पालकांचा दूरध्वनी क्रमांक जवळ लिहून ठेवावा. पाण्यासाठी वा लघवीसाठी त्याने परवानगी मागावी, अशी अपेक्षा ठेवू नये.